मेंदूच्या वॉर्डात पहिल्यांदा आलात? आधी एक वही घ्या

डोक्याला मार लागलेल्या माणसाला आयसीयूतून पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवतात, त्या दिवशी घरच्यांना वाटतं सुटलो. गावाकडे फोन जातात. आमच्या चुलत्यांनी तर पारावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की माणूस डोळे उघडतोय पण नजर ठरत नाही, नाकात नळी आहे, गळ्याला भोक आहे, आणि सिस्टर म्हणतायत, "दर दोन तासांनी कूस बदलायची, तुम्हाला शिकवते." काम आता कुठे सुरू झालेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच वाट्याला येणार असतं.

मी गेवराई तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझा धाकटा भाऊ कारखान्याच्या सीझनमध्ये रात्री मोटरसायकलवर येताना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात आयसीयू धरून आम्ही ९७ दिवस काढले. तेव्हा जे शिकलो आणि पुढे शेजारच्या बेडवर नव्याने येणाऱ्यांना जे सांगत गेलो, ते इथे लिहितो. तुमच्या रुग्णाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिला दिवस

गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून शंभर पानी वही आणि पेन घ्या. पेन सुतळीने वहीला बांधा, नाहीतर वॉर्डात पेन राहत नाही. ही वही उशाशी ठेवायची, घरी न्यायची नाही. रात्री जो थांबेल त्याने लिहायचं: किती वाजता काय भरवलं, कूस कधी बदलली, लघवी किती, ताप, खोकला, आणि आज नवीन काय केलं. "उजवा अंगठा हलवला, ११.२०" एवढी ओळसुद्धा लिहा. डॉक्टर राऊंडला जेमतेम चार-पाच मिनिटं थांबतात. त्यांच्यासमोर "काल जरा बरा होता" म्हटलं तर ते मान डोलावून पुढे जातात. वही उघडून वेळेसकट सांगितलं की थांबतात, उलट प्रश्न विचारतात.

वहीच्या शेवटच्या पानावर राऊंडसाठी प्रश्न लिहून ठेवा. पहिल्या दिवशी मी हे विचारायला हवे होते: मार मेंदूच्या कोणत्या भागाला आहे आणि त्याने काय काय बिघडतं? कवटीचं हाड काढलंय का, आणि ते कुठे आहे? तोंडाने काही द्यायचं का? फिट येऊ शकते का, त्याची गोळी सुरू आहे का? या आठवड्यात कशासाठी प्रयत्न चाललाय? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "कधी बरा होईल" याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. "या आठवड्यात काय" याचं मिळतं: आधार देऊन बसवायचं, नळी काढायची चाचणी, असं काहीतरी.

फाईलवर ई, व्ही, एम अशी अक्षरं आणि आकडे दिसतील. तो ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट कितपत शुद्धीत आहे ते मोजायची पट्टी, ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. सुरुवातीचे गुण ८ किंवा कमी असतील तर मार गंभीर धरतात. गळ्यात नळी असली की बोलण्यापुढे आकड्याऐवजी 'टी' लिहितात. आमच्या फाईलवर तो टी पाहून माझी भावजय दोन दिवस रडत होती. तिला वाटलं बोलणं कायमचं गेलं. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की नळीमुळे मोजता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हाडाबद्दल आधीच सांगतो, कारण बघून धसका बसतो. सूज आली तर मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढतात. डोक्याची ती बाजू मऊ लागते, पुढे खोल जाते. तो तुकडा बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूवर निजवायचं नाही, तिथे दाब द्यायचा नाही, तेल चोळायचं नाही. बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद लावा: "उजवीकडे हाड नाही." रात्रपाळीला नवीन मामा (वॉर्डबॉय) येतात, त्यांना कोण सांगणार?

कूस, नळी, पिशवी

आमचा पेशंट या वॉर्डात आला तेव्हा त्याच्या माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. आधीच्या दवाखान्यात कूस बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ती भरायला दीड महिना गेला. त्या काळात त्याला नीट बसवता आलं नाही, म्हणजे व्यायामाचाही दीड महिना गेला.

म्हणून दर दोन तासांनी कूस. मोबाईलला गजर लावा. डावी, पाठ, उजवी अशी फिरवा. हाड काढलेलं असेल तर ती बाजू सोडून. सरकवताना ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. आंघोळ घालताना माकडहाड, टाचा, घोटे, खांदे, डोक्याची मागची बाजू रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडला तरी लालच राहिला, तर त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि सिस्टरला दाखवा. लाल झालेल्या जागी चोळू नका. हवेची गादी मिळाली तरी कूस सुटत नाही. आणि गादीची मोटर चालू आहे का, हे लाईट जाऊन आल्यावर बघायचं. आमची एकदा अख्खी रात्र बंद होती.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला टेकू द्यायची नाही. पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवतात, तेवढ्यात लघवी उलटी जाते.

गळ्याच्या नळीतला कफ ओढणं सिस्टरकडून हात धरून शिका, चार वेळा त्यांच्यासमोर करा, मगच एकट्याने. नळीच्या तोंडाशी उदबत्ती, धूप, पावडर काहीही नको. आमच्याकडे अंगारा आणतात. कपाळाला लावा, माझी हरकत नाही, माझ्या आईनेही लावला. पण तो तोंडात किंवा नळीत टाकू नका. शेजारच्या बेडवरच्या आजींनी दुधात कालवून नाकातल्या नळीतून दिला होता. नळी बुजली आणि नवी घालावी लागली.

नाकातल्या नळीतून भरवताना उशाकडची बाजू उचला, निदान अर्धं बसल्यासारखं. नळीवर नाकाशी जी खूण किंवा आकडा आहे तो वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी भरवण्याआधी जुळतो का बघा. नळी बाहेर सरकलेली दिसली तर आत ढकलू नका, काही भरवू नका, सिस्टरला बोलवा. दट्ट्या काढून सिरिंज वर धरा, पातळ केलेलं अन्न आपसूक उतरू द्या. शेवटी पाणी सोडून नळी धुवा. त्यानंतर तासभर तरी सपाट निजवायचं नाही. मध्येच खोकला लागला, दम लागला, ओठ निळे पडले तर तिथेच थांबवा आणि हाक मारा.

पहिला घास

इथे सगळ्यात जास्त घाई होते, आणि इथेच घाई सगळ्यात महाग पडते. माणूस डोळे उघडतो, ओठ हलवतो, आणि आईचा जीव राहत नाही. "लेकरू उपाशी हाय वं माय," म्हणत ती चमच्याने पाणी घालते. मेंदूला मार लागला की गिळण्याचे स्नायू वेळेवर चालत नाहीत. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. काही जणांना तर ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. स्पीच थेरपिस्ट नुसतं बोलणं शिकवतात असा आपला समज असतो. गिळण्याची तपासणीही त्याच करतात. त्या हो म्हणेपर्यंत तोंडात काही नाही, तीर्थसुद्धा नाही.

परवानगी मिळाली की बहुतेकांना आधी घट्टसर पदार्थ देतात, कारण पातळ पाणी सगळ्यात पटकन निसटतं. आमच्याकडची ज्वारीची आंबील इथे देवासारखी धावून आली. थेरपिस्ट मॅडमनी चमचा वाकडा करून बघितला, मधासारखी सावकाश पडली, म्हणाल्या हीच द्या. गुठळी नको, जिऱ्याचे दाणे नकोत, गाळून घ्या. पुढे मऊ खिचडी, घोटलेलं वरण-भात, कुस्करलेलं केळ.

आणि भाकरी? पातळ वरणात नाहीतर येसरच्या आमटीत चुरलेली भाकरी हे आपलं आजाऱ्याचं जेवण. या पेशंटला मात्र नेमकं तेच अवघड, कारण एका घासात पाणीही असतं आणि तुकडेही. पाणी आधी निसटतं, तुकडे मागे राहतात. चुरमुरे, शेव, फरसाण, कोरडी भाकरी या गोष्टींना तर बराच काळ लांबच ठेवायचं.

भरवायची रीत अशी. पाठ सरळ, हनुवटी किंचित छातीकडे; मान मागे टाकून ओतायचं नाही. अर्धा चमचा. गिळल्यावर गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसते, ती दिसेपर्यंत दुसरा चमचा नाही. पंगू बाजूच्या गालात अन्न साठतं, बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. भरवताना बोलायचं नाही, टीव्ही बंद. भरवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा आला तर थांबा. आमच्या धाकट्याला पहिल्या दिवशी सहा चमचे आंबील द्यायला ३५ मिनिटं लागली. सातव्या चमच्याला तो थकून झोपला, मी तिथेच थांबलो. बाहेर आई विचारत होती, "अजून दिलं नाहीस का?" वहीत लिहिलं: सहा चमचे, ठसका नाही.

"मला ओळखलं का?"

वॉर्डात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. येणारा प्रत्येक जण बेडवर वाकून विचारतो: "ओळखलं का? सांग बरं मी कोण?" पेशंट गोंधळतो, चुकीचं नाव घेतो, समोरच्याचा चेहरा उतरतो, ते पेशंटला दिसतं. दिवसातून वीस वेळा त्याची परीक्षा आणि वीस वेळा नापास. मी शिक्षक आहे, असं पोरगं शाळा सोडतं हे मला माहीत आहे.

विचारू नका, सांगा. "मी दादा. आज बुधवार. सकाळचे दहा वाजलेत. तुझा अपघात झाला होता, आता आपण दवाखान्यात आहोत." तेच वाक्य, तशाच आवाजात, दिवसातून कितीही वेळा. मोठी तारीख दिसणारं कॅलेंडर आणि घड्याळ समोर लावा. घरच्यांचे दोन-तीन फोटो, खाली नावं. एका वेळी एकानेच बोलायचं. प्रश्न विचारलाच तर उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. आपण तीनवर दुसरा प्रश्न टाकतो.

शुद्धीवर येणं सिनेमासारखं नसतं. डोळे उघडले, ओळखलं, रडला, मिठी मारली असं होत नाही. आधी नजर फिरते, मग आवाजाकडे वळते, मग "हात दाब" म्हटलं की कधी दाबतो कधी नाही. पुढे बडबड सुरू होते, पण काल काय झालं ते आज राहत नाही. माझा भाऊ मला तीन आठवडे मामा म्हणत होता, आणि मामाशी जे बोलायचं ते माझ्याशी बोलत होता. त्यात मला माहीत नसलेली एक उधारीही कळली!

काहींची भाषा जाते. समजतं पण शब्द सापडत नाही, किंवा चुकीचा निघतो. त्यातही मोजणी, वार, भजनाची ओळ, शिव्या हे पाठ असलेलं आधी बाहेर येतं. "पाणी" म्हणता येत नव्हतं, पण मी "एक, दोन" म्हटलं की तो "तीन, चार" सुरू करून वीसपर्यंत जायचा. याचा अर्थ मुद्दाम बोलत नाही असा काढू नका. वाचा-उपचारात याच वाटेने पुढे जातात. हो-नाहीचा एक इशारा ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा.

एक बाजू विसरणं हाही प्रकार आहे. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते, डाव्या बाजूला उभा असलेला माणूस दिसतच नाही. डोळ्यांचा दोष नसतो, मेंदू त्या बाजूकडे लक्षच देत नाही. त्या बाजूला बसायचं कधी आणि दुसऱ्या बाजूने कधी जायचं, ते थेरपिस्टना विचारा.

शिव्या, ओढाओढ, हसू

मधला एक टप्पा असा येतो की घरच्यांना वाटतं, यापेक्षा बेशुद्ध होता ते बरं. नळ्या ओढतो, मारायला धावतो, आईसमोर घाण शिव्या देतो, कपडे काढतो. धाकट्याने आमच्या वडिलांच्या तोंडावर थुंकलं. वडील उठून बाहेर गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. फिजिओ मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा गोंधळाचा टप्पा आहे, बरेच जण यातून जातात, तो स्वतः यातलं काही लक्षात ठेवणार नाही." तसंच झालं, आजही त्याला काही आठवत नाही. वडिलांना मात्र आठवतं.

अशा वेळी वाद घालू नका, लाज आणू नका, समजावण्याचा मोठा कार्यक्रम करू नका. पडदा ओढा, आवाज कमी करा, माणसं बाहेर काढा. हात बांधण्याआधी सिस्टरला विचारा, सुती हातमोज्यांनी चालतं का. आणि आधी कारण शोधा: लघवी तुंबली का, पोट साफ नाही का, ताप आहे का, डोकं दुखतंय का, काल रात्री झोपला का. बोलता न येणारा माणूस दुखणं हातापायांनीच सांगतो. गोंधळ एकाएकी वाढला असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, ते मेंदूतल्या नव्या बिघाडाचंही लक्षण असू शकतं.

भेटायला येणाऱ्यांचं काय? आपल्याकडे जीपभर माणसं येतात, आणि येऊ नका म्हटलं तर आयुष्यभराचा रुसवा. आम्ही एक युक्ती केली. चुलत्यांना खाली लिंबाच्या झाडाखाली बसवलं. येणाऱ्याला तिथेच पाणी, चहा, सगळी हकीकत. वर एका वेळी एकच माणूस, पाच मिनिटं, तेही दुपारची झोप सोडून. केळी-बिस्किटं खालीच. दोन-चार जण नाराज झाले.

फिजिओ मॅडमचा पाऊण तास, बाकीचे तास तुमचे

व्यायाम म्हणजे मॅडम येतात तेवढाच, असं समजून आम्ही पहिला पंधरवडा वाया घालवला. दिवसभर हात कसा ठेवला, पाय कसा टेकवला, खुर्चीत किती वेळ बसला, यावर खूप काही ठरतं. तळपाय खाली ओघळू देऊ नका. दिलेली पट्टी किंवा स्प्लिंट सांगितलेल्या तासांपुरती घाला आणि काढल्यावर कातडी बघा.

पंगू हाताला धरून कधीही ओढू नका. बगलेत हात घालून उठवायची आपली सवय आहे, त्याने खांदा निसटतो, आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट पंचा बांधा आणि त्याला धरून उठवा. आधी बेडच्या कडेला दोन मिनिटं बसवा, चक्कर येते का बघा, मग उभं करा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली तर चोळू नका, तेल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. शिरेत गाठ झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट दात घासणं, शर्टाची बटणं, ताटातून घास उचलणं करून घेतात. ते आपल्याला किरकोळ वाटतं. पण घरी गेल्यावर भावजयीचा दिवस कसा जाणार, हे त्या बटणांवरच ठरतं. त्याला दहा मिनिटं लागत असतील तर दहा मिनिटं लागू द्या, मध्ये हात घालू नका. थकवा मात्र ओळखा. या आजारातला थकवा आळसासारखा दिसतो, पण तसा नसतो. व्यायामानंतर अर्धा तास अंधार आणि शांतता.

फिट आली तर

कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा हुंगवणं, चप्पल लावणं यात फक्त वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर वॉर्डात असाल तर हाक मारा, घरी असाल तर १०८. फिटची गोळी "आता बरं आहे" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते.

कागद

हे काम एकाच माणसाने धरावं, आणि तो रात्री जागणारा नसावा.

दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं, तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डाचं विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण उपचार ठरलेल्या पॅकेजमधून होतात. तुमचं पॅकेज किती दिवसांचं, पुनर्वसनाचे दिवस त्यात बसतात का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. पैशाची अडचण त्यांच्या कानावर घाला, लाजू नका.

अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, दवाखान्याचा एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून झालेल्या नोंदीचा) यांच्या नकला मिळवा. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. वॉर्डात हे महिने कसे जातात ते कळत नाही. समोरची पार्टी "आपसात मिटवू" म्हणत कागद घेऊन बेडपर्यंत येते, वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. सगळी बिलं, अगदी रिक्षाची चिठ्ठीसुद्धा, एका पिशवीत.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. शुद्धीत नसलेल्या माणसाचा अंगठा कशावरही उठवू नका, बँकेची स्लिप असो की शेताचा कागद. करणारे घरातलेच असतात आणि हेतूही कधी चांगला असतो, पण पुढे तोच कागद कोर्टात उभा राहतो. त्याच्या वतीने व्यवहार करायचे असतील तर कोर्टाकडून पालक नेमून घेण्याची वाट आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात. बहुतेक सवलतींना निदान ४० टक्के लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण त्यांत मेंदूची इजा अशी वेगळी नोंद नाही. त्यामुळे हातपाय, वाचा, मानसिक स्थिती असं जे जे बिघडलंय ते सगळं तपासलं जावं, याचा आग्रह तुम्हीच धरायचा. चालत आत गेलेल्या माणसाची गेलेली स्मरणशक्ती बोर्डाला आपसूक दिसत नाही. तिथेही वही न्या.

तुमची झोप

दोघांची पाळी लावा, सलग दोन रात्री एकाने नाही. आमच्याकडे भावजय एकवीस रात्री एकटी जागली आणि बाविसाव्या दिवशी वॉर्डातच चक्कर येऊन पडली. पुरुष मंडळी खाली चहा पीत होती, मीही त्यात होतो. मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

घरी नेण्याआधी

डिस्चार्जची तारीख कळली की निदान आठवडा आधी एकाने गावी जाऊन घर बघायचं. उंबऱ्याला सिमेंटचा नाहीतर फळीचा उतार. बाज नको: सुताची असो की पट्ट्यांची, मध्ये झोळ पडतो, पाठ वाकते, कूस बदलता येत नाही, साधा लाकडी पलंग आणि घट्ट गादी हवी. उकिडवं बसणं जमणार नाही, भोक पाडलेली खुर्ची संडासावर ठेवा. हौद, विहीर, चूल यांच्याकडे जाणारी वाट अडवा, कारण चालायला लागलेला पण भान न आलेला माणूस तिकडेच जातो. आमच्याकडचा एप्रिल-मे या पेशंटला सोसत नाही. काहींचं अंग स्वतःची उष्णता सांभाळू शकत नाही, आणि तहान लागलीय हे सांगताही येत नाही. दर तासाला ठरलेलं पाणी द्या, घट्ट सांगितलं असेल तर घट्ट करून, आणि दुपारी अंगावर ओलं फडकं.

व्यायामाचे व्हिडिओ मॅडमची परवानगी घेऊन मोबाईलवर करून घ्या, तुम्ही करताना त्या चुका सांगतायत असे. महिन्याच्या गोळ्या शहरातूनच न्या. फिटची ठरावीक कंपनीची गोळी तालुक्याला मिळेलच असं नाही. रोज संभाजीनगर गाठणं होणार नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं किंवा नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज यांपैकी जे जवळ पडेल तिथे फिजिओथेरपी कोणत्या वारी असते ते निघण्याआधी विचारून घ्या. पहिल्या सहा महिन्यांत फरक जास्त दिसतो. पुढेही दिसत राहतो, फक्त हळू. आमच्या धाकट्याने शर्टाची बटणं चौदाव्या महिन्यात लावली.

दारू नाही, एक घोटही नाही. गाडी डॉक्टर लेखी सांगेपर्यंत नाही. "शेतातल्या शेतात ट्रॅक्टर" हीसुद्धा गाडीच.

घरी असताना हे दिसलं तर थांबू नका: झोप वाढत चालली, उलट्या, नवीन फिट, मान आखडून ताप, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, हाड काढलेली जागा फुगून घट्ट होणं. चालणारा माणूस पुन्हा अडखळायला लागला आणि लघवीचं भान सुटलं, तर मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, त्यावर इलाज आहे. "कमजोरी असेल" म्हणून आठवडा घालवू नका.

ओपीडीच्या तारखेला वही, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनच्या फिल्म, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं घ्या. एकाने पहाटेच्या एसटीने पुढे जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. पेशंटला मागून गाडीने आणा, आणि नंबर जवळ येईपर्यंत बाहेर सावलीतच बसू द्या. आतला गलका त्याला सहन होत नाही.